पॅशनफ्रूटचा वेल फुलांनी लगडलाय पण फळ एकही धरत नाहीये

सायली_चिपळूण
नमस्कार मंडळी. आमच्या परसदारी मांडवावर पॅशनफ्रूटचे चार वेल आहेत, पिवळ्या फळाच्या जातीचे. शेजारच्या काकूंकडे मोठा जुना वेल होता, त्याच्याच फांद्या आणून लावलेले. वेल एकदम जोमात आहेत, विहिरीपासून पार पडवीच्या पत्र्यापर्यंत पसरलेत, आणि पाऊस ओसरल्यापासून फुलं तर इतकी येतायत की खाली सडा पडतो. पण दुसऱ्या दिवशी फूल मिटलेलं, देठ पिवळा आणि मग गळून खाली. एक म्हणजे एक फळ धरलेलं नाही. शेणखत दिलं, चुलीतली राख दिली, निंबोळी पेंड झाली, पाणी वेळच्या वेळी आहे. काकूंना विचारलं तुमच्याकडे धरायची का, तर म्हणाल्या आधी टोपल्यांनी धरायची, मग वरच्या आळीतल्या लोकांनी त्यांचा वेल तोडला तेव्हापासून कमी कमी होत गेली. आता त्याचा याचा काय संबंध मला कळेना. कोणाला अनुभव आहे का? घरात सगळे म्हणतायत काढून टाक आणि तोंडली लाव, पण माझं मन होत नाहीये.

गच्चीवाला_ठाणे
शेणखत जास्त झालं की वेल नुसता पानावर जातो. नत्र बंद करा काही दिवस, पालाश द्या. राख देताय ते बरोबरच आहे. माझ्याकडे गच्चीत ड्रममध्ये जांभळा आहे, पानं भरपूर पण फुलं अगदीच कमी, त्यामुळे मीही हा धागा धरून बसतो.

नीलांबरी
+१ नत्राला. पण सायलीला फुलं भरपूर आहेत ना, मग नत्राचा प्रश्न वाटत नाही. पानावर गेलेला वेल कळ्याच देत नाही. फूल येऊन गळतंय म्हणजे पराग पोचत नाहीयेत. भुंगे दिसतात का फुलांवर, काळे मोठे?

सायली_चिपळूण
भुंगे आहेत की, दुपारी जेवायच्या वेळेला मांडवाखाली नुसती घरघर चालू असते. मधमाश्या पण येतात. म्हणून तर जास्त कोड्यात पडले.

कूर्गात_मुक्काम
सायलीताई, तुमच्या काकूंनी उत्तर दिलंय बघा. मी गेली बरीच वर्षं नोकरीनिमित्त कोडगूत कॉफीच्या मळ्यावर आहे, इथे घरोघरी हा वेल असतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पिवळी जात स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. म्हणजे एकाच फुलातला पराग त्याच फुलाला चालत नाही हे तर झालंच, पण त्याच वेलाच्या दुसऱ्या फुलाचाही चालत नाही. आणि कटिंग म्हणजे नवीन झाड नाही, तोच वेल दुसऱ्या जागी उभा. तुमचे चारही वेल काकूंच्या एकाच वेलाच्या फांद्या, म्हणजे फळ धरण्याच्या दृष्टीने तुमच्याकडे एकच वेल आहे. भुंगे बिचारे दिवसभर पराग इकडून तिकडे नेतायत पण सगळा एकाच वेलाचा. काकूंच्या वेलाला धरायचं कारण वरच्या आळीतला वेल वेगळा होता, भुंगे तिथून पराग आणत होते. तो तोडला, यांची फळं गेली. तुम्ही खत कितीही ओता, उपयोग नाही. दुसरा वेल पाहिजे, बियांपासून आलेला किंवा दुसऱ्या ठिकाणच्या झाडाची फांदी. तोंडली लावायची तर जरूर लावा पण शेजारच्या मांडवावर, हा वेल कृपा करून काढू नका.

जांभळ्या जातीला ही अट नाही, एकटा वेलही फळं देतो. पण ती थंड हवेची. निलगिरी, कोडाईकनाल, इकडे मडिकेरीच्या आसपास छान येते. तुमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला १३०० मीटरच्या आसपास उंची आहे तिथे जमेल. खाली गरम हवेत ती नुसतीच वाढते, ठाणेकर, तुमचं दुखणं बहुतेक हेच आहे. सखल भागात, कोकणात, गोव्यात पिवळीच खरी, उष्णता आणि दमट हवा दोन्ही सहन करते, मुळांची मर आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) यांनाही ती बरीच दाद देत नाही. म्हणून तर जांभळ्याचं कलम पिवळ्याच्या खुंटावर बांधतात. या दोन्हींच्या संकरातून बंगळूरच्या आयआयएचआरच्या (भारतीय बागायती संशोधन संस्था) चेट्टळ्ळी केंद्राने 'कावेरी' काढलीय, फळ जांभळं, मोठं, रस भरपूर, रोगाला चिवट. इथे सगळीकडे तीच दिसते. फक्त ती फांदीपासून किंवा कलमानेच वाढवायची, संकर असल्यामुळे बी पेरून तशीच उतरेल याची खात्री नाही.

गच्चीवाला_ठाणे
बापरे, हे नर्सरीवाल्याने सांगायला पाहिजे होतं. ठाण्यात जांभळं लावा म्हणून गळ्यात मारलं.

माधवी_पुणे
नर्सरीत अजून एक घोळ होतो तो पण लिहून ठेवते. शोभेचं निळंजांभळं कृष्णकमळ मिळतं, सुंदर असतं, वासही छान, पण त्याला आपल्याकडे फळ सहसा येत नाही. बरेच जण तेच लावून फळाची वाट बघत बसतात. ओळख सांगते. फळाच्या वेलाचं पान तीन बोटांचं, जाड, तकतकीत आणि कडेला बारीक करवती दाते असतात. फूल पांढरं आणि मधल्या झालरीचा आतला भाग जांभळा. आख्खं फूलच निळंजांभळं असेल तर ते बहुतेक शोभेचं समजा. फळासाठी घेताना फळ लागलेल्या वेलाचंच रोप घ्यावं.

सायली_चिपळूण
कूर्गदादा, तुमची पोस्ट घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. काकूंना पण सांगून आले, त्या तर थक्कच झाल्या. आता प्रश्न असा की दुसरा वेल बियांपासून वाढवायला किती वेळ लागेल? यंदाची फुलं वायाच जाणार ना मग?

कूर्गात_मुक्काम
बी ताजं असेल तर दोन-तीन आठवड्यांत उगवतं, जुनं सुकं असेल तर महिना दीड महिना तंगवतं. गर दोन-तीन दिवस तसाच आंबू द्यायचा, मग चाळणीत चोळून धुवायचं, बी सावलीत कोरडं करून लगेच पेरायचं. तिथून फुलापर्यंत वर्षभर तरी धरा. पण यंदाची फुलं वाचवता येतील. चिपळूणच्या आसपास कोणाकडे वेगळा पिवळा वेल असेल तर त्याचं उमललेलं फूल आणून तुमच्या फुलांना पराग लावा. एका फुलात आठ-दहा फुलांना पुरेल इतका पराग असतो.

आप्पा_सावर्डे
माझ्याकडे आहे. सावर्ड्याला, हायवेपासून आत. आमचा वेल बियांपासूनचा आहे, गोव्याहून पाहुण्यांनी फळं आणली होती त्यातलं बी. सायलीताई, केव्हाही या, पाहिजे तेवढी फुलं न्या, येताना तुमची चार फुलं आणा, मलाही फळं कमीच आहेत, आता कारण कळलं.

सायली_चिपळूण
आप्पा, किती बरं वाटलं वाचून! शनिवारी येते. पण फूल आणल्यावर नक्की काय करायचं? कधीच केलेलं नाही.

नीलांबरी
मी दरवर्षी करते, सांगते.

पहिलं म्हणजे वेळ. पिवळ्याचं फूल सकाळी उमलत नाही, दुपारी बारा-एकच्या सुमाराला उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटतं. (जांभळ्याचं उलट, पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत संपतं.) म्हणजे आप्पांकडे साडेबाराला पोचायचं, समोर उमलताना बघायचं, आणि डब्यात कोरडाच कागद घालून फुलं ठेवायची, ओला नाही. पाणी बिलकूल लागता कामा नये. या फुलाचा पराग पाण्याने फुटतो. पावसाळ्यात फुलं येऊनही फळ का नाही याचं उत्तर तेच, पराग लागल्यावर दीड-दोन तास कोरडे मिळाले नाहीत तर सगळं फुकट.

आता फूल. आजी सांगायची ते आठवा, झालरीचे शंभर तंतू म्हणजे कौरव, त्याच्या वरचे पाच म्हणजे पांडव आणि सगळ्यात वर ब्रह्मा विष्णू महेश. पाच पांडवांच्या खालच्या अंगाला पिवळी चिकट पूड असते तो पराग. वरच्या टोपीवाल्या तीन दांड्या म्हणजे स्त्रीकेसर, पराग त्यांच्या टोप्यांना लावायचा. फूल उमलतं तेव्हा त्या तीन दांड्या ताठ वर असतात, मग तासाभरात हळूहळू बाहेर वाकत खाली येतात, पार पांडवांच्या पातळीला. वाकल्या की लावायचं. काही फुलांत त्या शेवटपर्यंत ताठच राहतात, ती फुलं धरत नाहीत, त्यांच्यावर पराग खर्च करू नका, त्यांचा पराग मात्र दुसऱ्यांना चालतो.

ब्रश वगैरे काही नको, आणलेल्या फुलाचा एक पुंकेसर (म्हणजे एक पांडव) चिमट्याने तोडा आणि तोच टोपीवर घासा. तीनही टोप्यांना, नीट पिवळ्या होईपर्यंत. हे महत्त्वाचं कारण जितके पराग तितक्या बिया, आणि रस असतो तो प्रत्येक बीभोवतीच्या पिशवीत. कंजूषपणे लावलं की फळ बाहेरून मोठं आणि आतून पोकळ निघतं. ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाला लोकरीचा धागा बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत कळतं, देठ हिरवा आणि मधला गोळा फुगलेला दिसला की धरलं.

विदर्भ_बाग
नागपूरवरून. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कळ्याच गळतात, पानं वाळतात. कोणी जमवलंय का?

कूर्गात_मुक्काम
नागपूरच्या उन्हात फळाची अपेक्षा उन्हाळ्यात ठेवू नका, वेल जगवायचा एवढंच. पश्चिमेचं ऊन अडेल अशी जागा, वर ५० टक्क्यांची शेडनेट, बुंध्याशी हातभर पाचोळा. याची मुळं वरवर असतात, खोल जात नाहीत, म्हणून जमीन तापली की पहिला मार मुळांना. आळ्यात खुरपं पण खोल घालू नका. पाऊस सरल्यावरचा बहर तुम्हाला मिळेल.

सायली_चिपळूण
अजून एक. पानांच्या देठावर दोन बारीक फोड आहेत आणि तिथे सारख्या मुंग्या. हा रोग आहे का? आणि तांबूस काटेरी अळ्या झाल्यात, दोन दिवसांत एक फांदी उघडी केली. नवरा म्हणतो फवारून टाकू.

माधवी_पुणे
फवारू नका!! हात जोडून सांगते. ते फोड म्हणजे रोग नाही, वेलाच्या गोड रसाच्या ग्रंथी आहेत. वेल मुंग्यांना रस देतो आणि मुंग्या अळ्यांची अंडी, बारीक किडे साफ करतात. फक्त खोडावर पांढरा कापूस दिसला तर मिलीबग, मग मुंग्या त्यांनाही सांभाळतात, तेव्हा निमतेल लिटरला पाच मिली आणि दोन थेंब साबण, तेही संध्याकाळी फुलं मिटल्यावर.

काटेरी अळ्या टॉनी कोस्टर फुलपाखराच्या. केशरी, काळे ठिपके, संथ उडणारं फुलपाखरू, तुमच्या बागेत फिरताना दिसत असेलच. त्या याच वर्गातल्या वेलांवर वाढतात, दुसऱ्या भाजीला हात लावत नाहीत. वेल मोठा असेल तर थोडी पानं खाल्ल्याने काही बिघडत नाही, दोन आठवड्यांत नवीन पालवी येते. फारच झाल्या तर पानासकट तोडून कुंपणावर जो जंगली कृष्णकमळाचा वेल असतो ना, जाळीच्या आवरणातल्या छोट्या केशरी फळांचा, त्याच्यावर नेऊन सोडा, तिथे त्या आनंदाने राहतात. कीटकनाशक मारलंत तर सगळ्यात आधी भुंगा मरेल आणि मग जन्मभर हाताने पराग लावत बसा.

आप्पा_सावर्डे
माधवीताईंशी सहमत. भुंग्यासाठी मी मांडवाला वाळका बांबू आणि एक मेलेला ओंडका मुद्दाम बांधून ठेवलाय. त्यात ते गोल भोक पाडून घर करतात. लोक घाबरतात पण तो आपणहून चावत नाही. मधमाशी छोटी, ती पराग गोळा करून नेते, टोप्यांपर्यंत पोचतच नाही. भुंगा झालरीत शिरला की त्याची पाठ बरोबर पांडवांना घासते आणि पुढच्या फुलात टोप्यांना. मी कितीतरी वेळ खुर्ची टाकून बघत बसतो, पाठ नुसती पिवळी झालेली असते त्याची.

सिडनीची_शर्वरी
आमच्याकडे इथे प्रत्येक जुन्या घराच्या कुंपणावर पॅशनफ्रूट असतो, जांभळाच. जुने लोक रोप लावताना खड्ड्यात मेंढीची कलेजी पुरतात. आम्ही शाकाहारी, नुसत्या कंपोस्टवर छान आलाय. मला सांगायचंय ते वेगळं. इथे विकत मिळणारे वेल बरेचदा दुसऱ्याच निळ्या कृष्णकमळाच्या खुंटावर कलम केलेले असतात आणि तो खुंट जमिनीतून इतके फुटवे काढतो की मूळ वेल मरतो आणि आपण वर्षभर रानटी वेलाला पाणी घालत बसतो. पान बघायचं. चांगल्या वेलाचं तीन बोटांचं, खुंटाचं पाच अरुंद बोटांचं. दिसला फुटवा की मुळापासून ओढून काढायचा, कापून उपयोग नाही. कलमी रोप घेणाऱ्यांनी कलमाच्या गाठीखाली काही वाढू देऊ नये.

गच्चीवाला_ठाणे
बरं, मी आता पिवळी लावणार. दोन वेल, वेगवेगळ्या ठिकाणचे. ड्रम अर्धा कापलेला चालेल का, आणि मांडव कसा करू? ग्रिलवर चढवला होता तर नुसता गुंता झालाय.

कूर्गात_मुक्काम
अर्धा ड्रम चालेल, खाली भोकं मोठी पाडा, पाणी साचलं की बुंधा कुजतो आणि वेल आठवड्यात बसतो. जमिनीत लावणाऱ्यांनीही कोकणात उंचवट्यावरच लावावा, खड्ड्यात नाही. ड्रमात दोन वेल कोंबू नका, एकाला एक.

मांडवापेक्षा गच्चीत तार सोपी. सहा-साडेसहा फुटावर एक जीआय तार ताणा. एकच खोड सुतळीने वर न्यायचं, बाजूचे फुटवे खुडत जायचे. तारेला पोचलं की शेंडा मारा, दोन फांद्या दोन बाजूंना तारेवर धरा आणि त्यांच्यातून निघणाऱ्या फांद्या पडद्यासारख्या खाली सोडून द्या. त्या लोंबत्या फांद्यांवर फळं लागतात. फळ नेहमी नव्या फुटीवर, म्हणून बहर संपला की लोंबत्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटायच्या. लोक छाटायला घाबरतात, मग आत वाळलेल्या काड्यांचा गठ्ठा होतो आणि फुलं फक्त टोकाला येतात. सायलीताई, तुमचा मांडवही बहर संपल्यावर असाच मोकळा करा.

सायली_चिपळूण
मंडळी, कळवायला उशीर झाला. शनिवारी आप्पांकडे गेलो होतो. वहिनींनी आग्रहाने जेवायला बसवलं आणि ताटावरून उठून आप्पा मला मांडवाखाली घेऊन गेले, समोर फुलं उमलत होती. डबा भरून फुलं आणली, घरी पोचेपर्यंत आमच्या फुलांच्या टोप्या छान वाकलेल्या होत्या. लेकीने धागे बांधले, मी पराग लावला. दोन-तीन दिवसांनी बघितलं तर धागा बांधलेल्या बहुतेक फुलांचे देठ हिरवे, मधे हरभऱ्याएवढा गोळा, आणि बिनधाग्याची नेहमीसारखी खाली. आता त्यातली लिंबापेक्षा मोठी झालीत, हिरवीगार, गुळगुळीत. काकू रोज येऊन मोजतात. तुमचे सगळ्यांचे कसे आभार मानू!

नीलांबरी
वा वा वा! आता एकच सांगणं, तोडू नका. हिरवं फळ आणि पानं मुलांना तोंडात घालू देऊ नका, कच्च्यात सायनाइड देणारी द्रव्यं असतात, पिकल्यावर गर निर्धोक. धरल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांनी पिवळं होऊन आपोआप गळतं. गळलेलंच उचलायचं. खाली जुनी मच्छरदाणी झोळीसारखी बांधा म्हणजे फुटत नाहीत. फळमाशी टोचायला लागली तर कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घाला. उचलल्यावर चार-पाच दिवस टोपलीत राहू द्या, साल सुरकुतली की आंबटपणा उतरतो. तुकतुकीत दिसतंय म्हणून लगेच कापलं तर दात आंबतात.

आप्पा_सावर्डे
सरबत आमच्याकडे असं. गर चाळणीत घालून चमच्याने घोटायचा, मिक्सर नको, बी फुटली की रसात काळे कण येतात आणि चव तुरट होते. रसाच्या दीडपट साखर, थोडं पाणी, साखर वेगळी उकळून गार झाल्यावर रस घालायचा. रस उकळला की वास उडतो आणि याचं सगळं वैभव त्या वासातच आहे. प्यायला देताना सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जास्तीचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो, मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली की कामी येतो.

विदर्भ_बाग
सायलीताई, पिकली की थोडं बी पाठवाल का? पोस्टाचा खर्च मी देईन.

सायली_चिपळूण
नक्की पाठवते, खर्चाचं काढूच नका. आप्पा, तुमच्याकडचंही थोडं द्या म्हणजे एकत्र पाठवू.

कूर्गात_मुक्काम
दोन्ही पुड्या वेगळ्या ठेवा आणि नावं लिहा. एकाच फळातल्या बियांची रोपं सख्खी भावंडं, त्यांचं एकमेकांशी जमेलच असं नाही. दोन्ही पुड्यांतली दोन-दोन रोपं लावलीत तर नागपूरला काळजी नाही. मी इथून एक तिसरी पुडी पाठवतो, पिवळ्याचीच, पत्ता मला मेसेजमध्ये द्या.